दाजींची हरकत

आमच्या दाजींनी आयुष्यात एकही गोष्ट मुकाट्याने मंजूर होऊ दिली नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. तलवाड्याला मास्तर होते, पुढे शिक्षकांच्या मतांवर विधान परिषदेत निवडून गेले. पण हरकतीचा मुद्दा त्यांनी आमदार होण्याच्या कितीतरी आधीपासून घरात चालू ठेवला होता. माझ्या लग्नात बुद्धवंदना सुरू होणार तेवढ्यात हे मांडवात उभे. "पत्रिकेत नवरीच्या आईचं नाव न्हाई. माइकवरून घ्या, मंग कार्य पुढं न्या." भन्तेजी थांबले, वऱ्हाड थांबलं, भात गार झाला. नाव घेतलं गेलं आणि माझी सासू पदराने डोळे पुसत बसली. घरी पिठलं करायचं ठरलं तरी हे विचारत, "चर्चा झाली का?" अक्का म्हणायची, "आवं, तुमची चर्चा हुईस्तोवर चूल इझंल."

मग दुष्काळाचं ते साल आलं. माजलगावच्या धरणाचा तळ दिसायला लागला होता. सहकारी साखर कारखान्यांना सरकारी मदत देणारं विधेयक खालच्या सभागृहात गोंधळातच मंजूर झालं आणि वर परिषदेत आलं. त्याच्या शेपटाला एक कलम होतं: जो सभासद लागोपाठ ऊस घालणार नाही, त्याचं सभासदत्व रद्द. दाजी उठले. मराठी प्रती वेळेत मिळाल्या नाहीत, ही पहिली हरकत. मग गणपूर्ती नाही, ही दुसरी. मग कलमागणिक दुरुस्त्या. सभापती "सन्माननीय सदस्यांनी आता बसावं" म्हणायचे. दाजी आज्ञाधारकपणे बसायचे आणि पुढच्या नियमाचा आधार घेऊन पुन्हा उठायचे. अधिवेशन संपलं, विधेयक लटकलं. पेपरांनी दाजींना 'विकासातला अडसर' ठरवलं.

ते गावी आले त्याच सकाळी दारात मोर्चा. मी तेव्हा तिथेच होतो. पुढे होता ऊसतोडीच्या टोळ्या नेणारा गावातलाच एक मुकादम. "मास्तर, कारखाना बंद पडला तुमच्यापायी! कामून अडवलं बे?"

दाजी ओट्यावर आले. "'बे' हा शब्द कामकाजातून काढून टाकतो. बसा समदे. एकेकानं बोला." आणि खरंच, लोक बसले. "औंदा ऊस कुणी लावलाय? हात वर करा."

"पाणी कुठंय लावाया?" मागून एक म्हातारा ओरडला.

"मंग त्या कलमानं तुमचं सभासदत्व जाणार, मतबी जाणार. कारखाना ऱ्हाईल धरणाखालच्या चार घरांचा. मदत मलाबी पायजे. मी आडवा हाय त्या कलमाला."

मुकादम हलक्या आवाजात म्हणाला, "पण तवर आमी खायाचं काय?"

दाजी ओट्याच्या कडेला बसले. "ह्याला माझ्याजवळ उत्तर न्हाई," ते म्हणाले. "पण सभासद ऱ्हायलात तर हे इचारायला जागा तरी ऱ्हाईल."

लोक पांगले, पटून म्हणावं तर तसंही नाही. अक्का म्हणाली, "माफी मागून टाका एकडाव."

"माफी कशाची?" दाजी उसळले. "ज्याच्यामागं माणसं न्हाईत त्याच्यामागं नियम तरी असावा का न्हाई? लई जणांनी मला बसवलंय. मी पुन्यांदा उठणार!"

पुढच्या अधिवेशनात सरकारने दुष्काळी साल त्या कलमातून वगळलं. विधेयक मताला आलं तेव्हा सगळ्यात मोठ्यानं "होय" म्हणाले ते दाजीच. पण कारखान्याचा बॉयलर उशिरा पेटला, तोवर पुष्कळ टोळ्या परजिल्ह्यात निघून गेल्या होत्या. दाजी पुढची निवडणूक हरले. अडवणूक करणारा माणूस शिक्षकांनाही नको होता.

अक्का गेली त्यानंतर मी त्यांना मुंबईला नेलं, परिषदेच्या प्रेक्षक गॅलरीत. खाली कुठलंसं विधेयक पुकारलं गेलं, दोन-चार आवाज आले, मंजूर झालं. दाजी गुडघ्यांवर हात रेटून अर्धे उभे राहिले. रखवालदाराने खुणेनं बसायला सांगितलं. ते बसले.

जिना उतरताना त्यांनी माझा हात धरला. असा कधी धरला नव्हता. "कुणीच कसं उठलं न्हाई?" ते म्हणाले. आम्ही एकेक पायरी उतरत राहिलो.