गुळगुळीत भिंत

मौलाली मास्तर माणसांना कंटाळले नव्हते, शिडीला कंटाळले होते. कुठली शिडी म्हणाल, तर पुस्तकातली. शिडी भिंतीला टेकवली आहे, भिंत गुळगुळीत, जमीन खडबडीत, शिडीवर माणूस चढतो आहे; तर शिडी घसरायच्या आत तो कुठवर जाईल? भोरची जी जी पोरं पुण्याला कॉलेजात गेली, ती सुट्टीत हेच गणित घेऊन मास्तरांच्या पडवीत हजर. पोरं बदलली, पुस्तकं बदलली, शिडी मात्र जन्माची घसरायच्या बेतात. मास्तरांना आता ती स्वप्नातसुद्धा दिसायची.

मास्तरांचा बाप संस्थानच्या पागेत नालबंद. घोड्यांना नाल ठोकून त्यानं पोराला पुण्याला धाडलं, पोरगं इंटर सायन्स पास झालं, बी.एस्सी.ला बसणार तोच बाप गेला. मग कसलं बी.एस्सी. आणि कसलं काय? घरी आले आणि हायस्कुलात गणित शिकवायला लागले ते लागलेच. आता केस पिकले, दम्यानं छाती धरली, आणि तरी सुट्टी लागली की पडवीत वहाणांचा ढीग. यातलं एक पोरगं पास झाल्यावर सांगायला येईल तर शपथ. रस्त्यात भेटलंच तर नमस्कार, नाहीतर तोही नाही. गरज सरो नि वैद्य मरो, दुसरं काय!

"या मे महिन्यापासून बंद," मास्तर दर दिवाळीला म्हणायचे. बद्रुन्निसा, त्यांची बायको, ऐकून घ्यायची. चहाचं आधण मात्र वाढवून ठेवायची.

त्या दिवाळीत हिर्डोशीचा कुंडलिक आला. इंटरला दोनदा आपटलेला. बाप नव्हता, आई फुलाबाई भात आणि नाचणी करून त्याला शिकवत होती, आणि तिनं साफ सांगितलं होतं, की ही शेवटची खेप. नापास झालास तर औत धर. पोरगं डोंगर उतरून चालत आलं होतं आणि पहिलंच गणित काढलं ते शिडीचं.

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. "कर. मी ऐकतो."

कुंडलिकनं आकृती काढली, बाण काढले आणि भिंतीपाशी घर्षणाचा बाण काढला. मास्तर म्हणाले, "भिंत गुळगुळीत आहे, तिथं घर्षण नाही." त्यानं मान हलवली. दुसरं गणित दिलं, पुन्हा तिथं बाण. अज्ञात वाढले, समीकरणं पुरेनात, पोरगं घामाघूम. तिसऱ्या वेळेला मास्तरांचा आवाज चढला, आवाजाबरोबर दमा चढला, आणि खोकून खोकून ते भिंतीला टेकले.

"अरे, मराठीत सांगतोय ना? गुळगुळीत आहे भिंत!"

"व्हय मास्तर. पर शिडी भितीला धरती की."

"कुणी सांगितलं?"

"आमच्यात कुड आस्तोय. कारवीच्या काटक्यांचा, वरनं शेणानं सारवल्याला. शिडी लावली की टोकं कुडात रुततात. खालनं वढली तरी हालत न्हाई." तो खाली बघून म्हणाला, "गुळगुळीत भित हाय आसं पुस्तक म्हनतंय, म्हनून म्हनायचं. पर हात बान काढतोच."

मास्तरांच्या आता ध्यानात आलं. या पोराचं दोनदा वाटोळं झालं ते या कुडापायी, आणि कॉलेजात कुणी, आज या पडवीतही कुणी, त्याला विचारलं नव्हतं की बाबा, बाण का काढतोस. त्यांना स्वतःचाच राग आला. ते उठले, कोट चढवला आणि म्हणाले, "चल."

शाळा सुट्टीमुळं बंद. शिपाई गेनबा कुरकुरत किल्ल्या घेऊन आला. "दिवाळीचं तरी सोडा, मास्तर," म्हणाला, पण दिवे लावायची शिडी काढून दिली. हॉलची भिंत घोटीव चुन्याची, हात फिरवला तर सरकून जावा अशी. मास्तरांनी शिडी तिथं टेकवायला लावली. "आता शिडीचा पाय ओढ. हळू."

कुंडलिकनं पाय ओढला. वरची टोकं चुन्यावरून अशी सरकली, की शिडी थेट फरशीवर आदळली आणि गेनबानं कपाळावर हात मारला. पोरानं ती पुन्हा लावली, पुन्हा ओढली. मग चुन्यावर तळवा ठेवून उभा राहिला.

"मास्तर, ही भित नुसती माघारी रेटती. धरत न्हाई."

"एवढंच लिही पेपरात," मास्तर म्हणाले आणि दम लागला म्हणून तिथंच बाकावर बसले.

सुट्टी संपेपर्यंत पोरगं रोज आलं. शिडी सुटली तशी कप्पी सुटली, उतरणीवरचा ठोकळा सुटला. मास्तर दमायचे, चिडायचे, पण बंद करतो हे शब्द त्यांच्या तोंडून निघाले नाहीत.

मे महिन्याच्या अखेरीला निकाल लागला आणि कुंडलिक भोरला आला. गणितात, पदार्थविज्ञानात चांगले मार्क होते. शिडी पेपरात आली होती आणि बरोबर सुटली होती. नापास झाला तो इंग्रजीत.

"पुन्हा बस," मास्तर म्हणाले.

"आई म्हनली, बास. आन् ती तरी किती वडंल?" त्यानं पाया पडून घेतलं आणि आल्या वाटेनं गेला.

त्या सुट्टीत मास्तरांनी खरंच सगळं बंद केलं. आलेल्या पोरांना तब्येत बरी नाही म्हणून सांगितलं. पडवी मोकळी झाली. झोप यायला हवी होती, ती काही येईना. चार दिवसांनी बद्रुन्निसा म्हणाली, "अहो, मोकळे झालात ना? मग सारखं रस्त्याकडं काय बघता?"

बाजारात हिरडा विकून हिर्डोशीकडं रिकामी परतणारी बैलगाडी दुसऱ्या दिवशी निघाली, तेव्हा मास्तर तीत बसलेले होते. आजवर ते कुठल्या पोराच्या दारी गेले नव्हते. वाटेत धुरळ्यानं खोकला उसळला, गाडीवान दोनदा म्हणाला, "मास्तर, माघारी सोडू का?" मास्तरांनी नुसता हात हलवला.

कुंडलिक आणि फुलाबाई खाचरात भाताच्या रोपांच्या तरव्यासाठी पालापाचोळा पसरत होती; पेरणीआधी तो पेटवून जमीन भाजायची, त्या भाजणीची तयारी. मास्तरांना बघून दोघं जागच्या जागी थांबली. मास्तर बांधावर बसले. त्यांना धाप लागली होती. फुलाबाईनं पाणी आणून दिलं.

"मास्तर, इंग्रजीचं तुमी काय करनार?" कुंडलिक हळूच म्हणाला.

"काही नाही. मला ते येतच नाही. इंटरला मीही इंग्रजीतच दोनदा आपटलो." त्यांनी तांब्या खाली ठेवला. "तिसऱ्या खेपेला सुटीत घरी वाचायला बसलो, तर बाप पागेतून आला की समोर येऊन बसायचा. त्याला अक्षर वाचता येत नव्हतं. मी वाचायचो, तो पेंगायचा, पण उठायचा नाही. तेवढ्यावर पास झालो मी." ते फुलाबाईकडं वळले. "बाई, मला शिकवता येणार नाही. पण समोर बसता येईल."

फुलाबाईनं पदरानं तोंड पुसलं, हातातला पाला खाचरात टाकला आणि मग लेकाकडं न बघताच म्हणाली, "येवढी भाजनी हुंद्या, मास्तर. मग धाडते त्याला."