फिनिक्सला पाऊस नाही म्हणून

आमच्या घरात मुलीला स्थळ आलं की पहिली चौकशी पावसाची व्हायची. मुलगा काय करतो, पितो का, जमीन किती, हे सगळं मागाहून. आधी गाव पावसाचं की कोरडं, ते सांगा. याला कारण आमची आक्का. या थोरल्या बहिणीला तालुक्याच्या पूर्वेकडच्या एका कोरड्या गावात दिली आणि तिची उमेदीची वर्षं डोक्यावर हंडा घेऊन गेली. तेव्हापासून दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, ठरवूनच टाकलं होतं की पोरगी दुष्काळात द्यायची नाही.

नियम चांगलाच होता. अडचण एवढीच की आमचं स्वतःचं गाव घाटाच्या पायथ्याशी. पावसाळ्याचे चार महिने भिंतींवर शेवाळ धरायचं, वाळत घातलेलं धोतर तिसऱ्या दिवशीही ओलंच असायचं, आणि मे महिन्यात टँकर यायचा. सगळं पाणी ओढ्यानं खाली धरणात जायचं आणि तिथून कालव्यानं पूर्वेला. आमची वहिनी उन्हाळाभर मैलभरावरून पाणी आणायची, पण ती पावसाच्या गावात राहत होती, त्यामुळे तिचा हंडा दादाच्या लेखी हंडाच नव्हता.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी दादाच्या मुलीला अमेरिकेतली दोन स्थळं एकदम आली. दोघेही कॉम्प्युटरवाले, दोघेही नाताळच्या सुट्टीत मुली बघायला आलेले. एक फिनिक्सचा, दुसरा सिॲटलचा. शेजारीपाजारी अमेरिका म्हटल्यावरच गार झाले. दादा मात्र गार होणाऱ्यातला नव्हता. मी जुन्नरच्या शाळेत भूगोल शिकवायचो, म्हणून फिनिक्सवाला मुलगी बघायला यायच्या दिवशी त्यानं मला निरोप धाडून बोलावून घेतलं. पाहुणे आत पोहे खात होते, आम्ही बाहेर ओट्यावर.

"मास्तर, फिनिक्सला पाऊस कितीक व्हतो?"

"लई कमी. वाळवंटच म्हण ना."

"आन् त्या दुसऱ्या गावाला?"

शाळेतला मोठा ॲटलास मी सोबतच आणला होता. ओट्यावर तो उघडला तेव्हा चार माणसं पायऱ्यांवर येऊन बसली. आयुष्यात पहिल्यांदाच माझा विषय कुणाच्या उपयोगी पडत होता, आणि खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडलं. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या गर्द निळ्या पट्ट्यावर बोट ठेवून मी जाहीर केलं, "हितं धो धो. आपल्या माळशेजासारखा."

"झालं तर मग," दादा म्हणाला. "फिनिक्सवाल्याला न्हाई म्हनून कळवा."

पाहुणे गेल्यावर स्वयंपाकघराच्या दारात पुतणीनं मला गाठलं. "काका, मला फिनिक्सचं स्थळ बरं वाटतंय. तुम्ही सांगितलंत तर आबा ऐकतील." अमेरिकेत नळ असतात हे मला ठाऊक होतं. वाळवंटातल्या शहरातही नळ असतात, हेही ठाऊक होतं. पण नुकताच ओट्यावर तज्ज्ञ झालेला माणूस लगेच आपला शब्द कसा फिरवणार? मी तिला म्हणालो, "अगं, नकाशा काय खोटं बोलतो?" ती आत गेली आणि वैशाखात सिॲटलवाल्याशी तिचं लग्न झालं.

वर्षभरानं तिचं पत्र आलं. सिॲटलला पाऊस असतो, पण तो पडतो असं म्हणता येत नाही, नुसता लोंबकळतो. महिनोन् महिने ऊन दिसत नाही, कुणी छत्रीसुद्धा उघडत नाही. आणि वर्षाची बेरीज केली तर न्यूयॉर्कला इथल्यापेक्षा जास्त पाऊस होतो, असं शेजारीण सांगते.

मी पुन्हा ॲटलास काढला. तो गर्द निळा पट्टा डोंगरांच्या समुद्राकडच्या अंगाला होता. सिॲटल डोंगरांच्या पलीकडे, जमिनीच्या अंगाला, आडोशाला. याला पर्जन्यछाया म्हणतात. घाटात कोसळणारा पाऊस नारायणगावापर्यंत येता येता कसा आटतो, हे उदाहरण देऊन मी तोच धडा दरवर्षी सातवीला शिकवत होतो. सातवीतली पोरं हुशार म्हणायची, त्यांनी माझ्या भरवशावर कुणाचं लग्न ठरवलं नाही.

दादाला मात्र पश्चात्ताप वगैरे माहीत नव्हता. पुढं काही वर्षांनी पुतणीनं फोनवर सांगितलं की फिनिक्सकडे मूळचाच कमी पाऊस, तोही वर्षानुवर्षं घटत चाललाय, आणि न्यूयॉर्ककडे पडला की एकदम ढगफुटीसारखा पडायला लागलाय. दादानं फोन ठेवला आणि गावभर सांगत सुटला, "बघा राव, फिनिक्सला दुष्काळ पडला! आमी पोरगी वाचवली." त्या दुष्काळी फिनिक्समध्ये कित्येक घरांमागे पोहायचे तलाव आहेत, हेही ती म्हणाली होती. ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. तोवर आक्काच्या कोरड्या गावातही कालवा पोचला होता. तिच्याकडून द्राक्षांच्या पेट्या यायच्या आणि दादा त्या पावसाच्या गावात बसून खायचा.

मग एका मे महिन्यात पुतणी माहेरी आली. मीही सुट्टीत गावी होतो. सकाळी टँकर आला तशी ती आईच्या हातातली कळशी घेऊन रांगेत उभी राहिली. मी पडेल ते काम करायला म्हणून बादली घेऊन तिच्या मागे. ओट्यावर दादा पाहुण्यांना सांगत होता, "पोरगी पावसाच्या गावात दिली, सुखात हाय."

"सुखात आहेस ना गं?" मी हळूच विचारलं.

"नवरा चांगला आहे, काका. दिवसभर घरात बसून असते, एवढंच." कळशी पुढं सरकवत ती म्हणाली, "तो फिनिक्सवाला आठवतो का तुम्हाला? पोहे द्यायला गेले तेव्हा त्यानं मला विचारलं होतं, तिकडं आल्यावर काय शिकायला आवडेल म्हणून."

मला लाज वाटली. तीस वर्षं वर्गात प्रश्न विचारत आलो, पण तिला हा एक प्रश्न मी कधी विचारला नव्हता. तो तेव्हा विचारला.

"काय सांगितलंस मग त्याला?"

"नर्सिंग," ती म्हणाली. "मोठ्यानं सांगितलं होतं. तुम्ही बाहेर पावसाचं बोलत होतात."