बेटावरचं घरटं

मधुकर पगारेने मला फसवलं. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये, हे मला कळतं. पण मी बारदानाचा व्यापारी आहे. कांद्याच्या रिकाम्या गोण्या विकण्यात आयुष्य गेलं, आणि कुणी फसवलं तर ते चारचौघांत बोलून दाखवायचं, अशी माझी रीत आहे. मधुकरने मला दहा-बारा वर्षं फसवलं, तेही हसत हसत, आणि हिशेब चुकता न करता निघून गेला.

महिन्यापूर्वी मी नामपूरहून येऊन नाशिकच्या स्टँडवर उतरलो, तर भोंग्यातून भलताच आवाज येत होता. मधुकर तिथे कंट्रोलर होता, कुठली गाडी कुठे लागली ते माईकवरून पुकारायचा. त्याचा आवाज असा, की देवळ्याची गाडी पुकारली तरी त्र्यंबकला निघालेला माणूस क्षणभर उठून उभा राहायचा. हा नवा आवाज मात्र दबकत बोलत होता. मी चहावाल्याला विचारलं, "पगारे साहेब रजेवर का रे?" तो पेला विसळता विसळता थांबला. "शेठ, तुम्हाला नाय कळलं? साहेब गेले ना... सोमवारी. झोपेतच." म्हणजे मी नामपुरात गोण्यांचा भाव पाडत बसलो होतो, तेव्हा इकडे त्याला नेलं होतं. मी चहा न घेताच निघालो.

आमची ओळख त्याच स्टँडवर, भांडणातूनच झाली. सत्तरच्या आगेमागे माझं दुकान नव्हतं, गोण्यांचे गठ्ठे मी एस.टी.च्या टपावर टाकून गावोगाव न्यायचो. एकदा मधुकरने गठ्ठे उतरवायला लावले. मी तावातावाने बोललो आणि माझं ठेवणीतलं हत्यार काढलं. ते हत्यार असं : सौदा जमत नसेल तर उठायचं, चालू लागायचं आणि काही झालं तरी मागे वळून बघायचं नाही. समोरचा दहा पावलांत हाक मारतोच. या एका गोष्टीवर मी शून्यातून दुकान उभं केलं आहे. तर मी निघालो, आणि मागून हाक आली खरी, पण ती माईकवरून. "टपावर गोण्या टाकणारे शेठ, आपले गठ्ठे इथेच राहिलेत, घेऊन जावेत!" सगळा स्टँड हसला. वळून बघितलं नाही, पण तेव्हापासून दोस्ती झाली.

मधुकरनेच ते बेट शोधलं. कोकणातलं छोटं बेट, होडीने जायचं. नाव लिहीत नाही, उद्या तिथे भेळेच्या गाड्या लागतील. बेटाला वळसा घालणारी एक पायवाट आहे. अर्धी किनाऱ्याने, उंडीच्या झाडांच्या आणि केवड्याच्या बाजूने, अर्धी जंगलातून. चढ असा नाहीच, सावली भरपूर, म्हाताऱ्या माणसालाही जमेल अशी वाट. बरोबर मध्यावर, बेटाच्या पलीकडच्या टोकाला, गोड्या पाण्याची विहीर. आणीबाणी उठली त्या वर्षी आम्ही पहिल्यांदा गेलो, ते होडीवाल्याशी झालेल्या वादाने तोंडं फुगवून. मी घासाघीस केली, उठून चालू लागलो, तर तो होडीवाला हाक मारायचं सोडून जाळं विणत बसला. मी वाळूत चालत चालत पार लांब गेलो. शेवटी मधुकरने त्याला हवं ते कबूल केलं आणि मला आणायला पळत आला. बेटावर उतरल्यावर जिथे वाट फुटते तिथे तो म्हणाला, "तुझ्याबरोबर चालण्यात राम नाही. तू तिकडून जा, मी इकडून जातो. विहिरीवर भेटू." मी म्हटलं, फेरी घालायची तर बेट उजव्या हाताला ठेवूनच घालायची, आमच्याकडे असंच असतं. मी किनाऱ्याची वाट धरली. तो म्हणाला, "बेटाला कुणी शेंदूर फासलेला नाही," आणि जंगलात शिरला.

मग तीच पद्धत पडली. दरवर्षी थंडी सरता सरता आम्ही जायचो. मी किनाऱ्याने, तो जंगलातून. विहिरीवर त्याची पाण्याची छागळ फांदीला टांगलेली असायची आणि तो पाय पसरून बसलेला. मला बघितलं की हाताचा भोंगा करून ओरडायचा, "नाशिकहून किनारामार्गे येणारे शेठ उशिराने धावत आहेत!" भाकरी, ठेचा, त्याच्या घरून सुमनवहिनींनी दिलेली शेंगदाण्याची चटणी. एवढ्या मोकळेपणाने मी दुसरीकडे कुठे जेवलो नाही. जेवताना एकमेकांना पुढची वाट सांगायची. मी सांगायचो, किनाऱ्यावर शेवाळ आहे, जपून. तो सांगायचा, "जंगलात समुद्री गरुडाचं घरटं आहे. खाटेएवढं. बघून ये." पुढे तो किनाऱ्याने निघायचा, मी जंगलात. मान वर करून करून माझी मान दुखायची. घरटं नाही. धक्क्यावर भेटलो की, "दिसलं?" "थापा मार." "नीट बघत जा, शेठ." दरवर्षी हेच. दुकानात येणाऱ्याजाणाऱ्याला मी सांगायचो, पगाऱ्याएवढा थापाड्या माणूस जिल्ह्यात नाही. त्याच्या कानावर जायचं, आणि तो रागवायचासुद्धा नाही!

एका वर्षी मी इरेला पेटलो. विहिरीवरच विचारलं, "झाड कुठलं ते सांग." "आंबा." "जंगलात शंभर आंबे आहेत. खूण सांग. बोल, काय घेशील?" त्याने ठेच्याचं बोट चाटलं, बराच वेळ माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "किंमत भारी आहे. तुला नाही परवडायची." मला परवडायची नाही! सगळ्या बागलाणातला माल एका बोलीत उचलणाऱ्या माणसाला हे म्हणतो... मी डबा तसाच टाकून उठलो आणि चालू लागलो. पाठीमागून हसण्याचा आवाज आला, हाक आली नाही.

तो गेल्यावर मी सुमनवहिनींना भेटायला गेलो. त्यांच्या कॉलनीतल्या त्या दोन खोल्या, खुंटीवर छागळ. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुम्हाला ते घरटं दिसलं का हो कधी? दरवर्षी निघताना म्हणायचे, यंदा शेठला दिसणार." मी उठलोच. म्हणजे हे सगळं घरात ठरलेलं होतं! म्हटलं, वहिनी, छागळ द्या, मी जाऊन सोक्षमोक्ष लावून येतो.

बेटावर वाट फुटते तिथे पाय सवयीने किनाऱ्याकडे वळले. मग डोक्यात आलं, किनाऱ्याने गेलो तर विहिरीवर पोचेन आणि तिथे कुणी बसलेलं नसेल... मी जंगलातून गेलो. त्याच्या वाटेने, पहिल्यांदाच. विहीर जवळ आली असेल-नसेल, तोच वाट वळली आणि समोर, आंब्याच्या उघड्या फांदीवर, घरटं. खाटेएवढं. खाली पाचोळ्यात माशांचे काटे. गरुड माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. मग मी चिडून विहिरीपर्यंत गेलो आणि तिथून माझ्या नेहमीच्या बाजूने परत आलो. या बाजूने त्या आंब्यावर वेलींचा पडदा. काही दिसत नाही. झाड ओलांडून चार पावलं गेलो, थांबलो, आणि मान मागे वळवली. घरटं!

एवढंच होतं. एकदा मागे वळायचं. मी कधी वळणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तो वाट बघत राहिला, आधी कोण वाकतो याची. मी त्या झाडाखाली उभा राहून त्याला काय काय बोललो ते इथे छापता येणार नाही.

छागळ आता दुकानात माझ्या गादीमागे टांगलेली आहे. स्टँडवर अजून जाणं होतं. गाडीतून उतरून फाटकापर्यंत जातो आणि आता मी थांबतो, मागे वळतो, कंट्रोलरच्या खिडकीकडे बघतो. दर वेळी बघतो. मधुकर, अख्ख्या जिल्ह्यातल्या अनोळखी माणसांना कुठे बघायचं, कुठे जायचं ते तू घसा फोडून सांगत होतास. मला एकट्याला तेवढं सांगायला तुझं तोंड दुखत होतं? तू सांगितलेली किंमत मी मोजली, आणि आता खिडकीत तू नाहीस. हा कुठला सौदा? याचं उत्तर तुलाच द्यावं लागेल. मी इथे उभा आहे, वळून.