छपरावरचा एसी, जाधवकाका आणि ‘सोड’

हे जुलैतच लिहायचं होतं. आता इथं अमेरिकेत, ॲन आर्बरमधली झाडं पार उघडी झालीत, आणि मी रोज स्वतःला सांगते, आज नक्की. मग माझ्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात कुणीतरी मोडकी सायकल घेऊन येतं, किंवा मी खिडकीतल्या खारीकडे बघत बसते. खरं सांगू? लिहायला थोडी लाजच वाटत होती. सुपीरियर सरोवराच्या या प्रवासात माझ्यामुळे एका भल्या माणसाचा हात मोडता मोडता वाचला.

तर माझा ट्रेलर. पिकअपच्या मागं जोडायची चाकांवरची खोली. जुना, सोळा फुटी, आत दोन पलंग, एक शेगडी आणि छपरावर कधीच बंद पडलेला एसी. आणि जाधवकाका. नाशिकला सातपूरच्या कारखान्यात पस्तीस वर्षं फिटर होते. मुलाकडे, म्हणजे इथल्या माझ्या ओळखीच्या प्रसाददादाकडे, सहा महिन्यांसाठी आलेले. घरात नळ गळला की काका उठायचे आणि दादा म्हणायचा, "राहू द्या बाबा, माणूस येईल." माणूस यायचा, आणि काका त्याच्या पाठीशी उभे राहून बघायचे. असे सहा महिने.

परतीच्या विमानाला आठवडा राहिला तेव्हा मी सहज म्हटलं, "काका, सुपीरियर सरोवर बघायला येता का? चार दिवसांत परत." दादानं दोन अटी घातल्या. बाबांनी शिडी चढायची नाही, आणि काही गडबड झाली तर तडक मागं फिरायचं.

शुक्रवारी सकाळी निघालो. ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: तेवीस नंबरच्या हायवेनं फ्लिंटपर्यंत, मग पंच्याहत्तर नंबर धरला की सरळ उत्तर. ट्रेलर असेल तर सहा तास धराच, पेट्रोलचं म्हणाल तर नेहमीच्या दुप्पट जातं. आम्हाला नऊ तास लागले, कारण वाटेत एका अंगणात जुन्या वस्तूंची विक्री दिसली आणि मी एका ॲकॉर्डियनपाशी अडकले. वाजवता येत नाही मला.

"अगं मुक्ता," काका म्हणाले, "तुला सरोवर गाठायचंय की लोकांची अडगळ?"

मॅकिनॉचा पूल ओलांडताना मधल्या लोखंडी जाळीवर चाकं गुणगुणायला लागतात. काकांनी काच खाली करून तेवढा वेळ कान बाहेर काढला होता. पलीकडे पॅस्टी खाल्ली. आत बटाटा, मांस, कांदा, वरून जाड कवच. "करंजी आहे ही," काका म्हणाले, "पण करणाऱ्याला घाई होती." कॅम्पग्राउंड पुलापासून जवळच. रात्रीचे वीस डॉलर, विजेचं कनेक्शन धरून.

शनिवारी सकाळी जाग आली तर बाहेर पाऊस, आणि काका पलंगावर मांडी घालून बसलेले, मांडीवर माझं पातेलं. एसीच्या कडेनं थेंब थेंब पाणी बरोबर पातेल्यात पडत होतं.

"उशी वाचवली," ते म्हणाले.

तेवढ्यात दादाचा फोन आला आणि माझ्या तोंडून सगळं निघून गेलं. दादा म्हणाला, "ओल्या गादीवर बाबांना झोपवणार तू? संध्याकाळपर्यंत गळती थांबली नाही तर उद्या सकाळी परत निघा. सरोवर कॅन्सल."

काकांनी छपराकडे बघितलं. सहा महिन्यांत त्यांचा असा चेहरा मी बघितला नव्हता. "माणूस बोलावणार का?" मी विचारलं.

"मी कोण आहे?" काका म्हणाले.

बंद एसीच खाली उतरवायचा आणि भोक झाकून टाकायचं, असं काकांनी ठरवलं. पाऊस थांबल्यावर सुरुवात केली. आधी बाहेरची विजेची वायर उपसली, मग आतला ब्रेकरही पाडला. काका म्हणाले, दोन्ही कर, वीज एकदाही माफ करत नाही. छताचं प्लास्टिकचं झाकण काढलं, तीन तारा सुट्या केल्या, प्रत्येकीला चिठ्ठी बांधली, टोकं बंद केली. हा एसी आतून चार लांब बोल्टनी छपराला आवळलेला असतो. तीन निघाले. चौथा गंजलेला. मी पान्यावर लोंबकळायला लागले तर काकांनी थांबवलं.

"गंजलेल्या बोल्टशी भांडायचं नसतं. तेल पाज, आपण चहा पिऊ, मग त्याला परत विचार."

चहानंतर तो मुकाट्यानं फिरला.

मी वर. छपरावर प्लायवूड टाकून त्यावरच गुडघे, नाहीतर छपरालाच दुसरं भोक. एसीखालची रबरी गादी चिकटून बसलेली, ती भाजीच्या सुरीनं कापली. वजन म्हणाल तर तांदळाच्या दोन मोठ्या पिशव्या. सरकवत कडेला आणला, दोर बांधला. कडेला शिडी तिरकी लावलेली, तिच्यावरून घसरवत उतरवायचा. खाली काका, हात वर करून, क्रेनखाली उभे असल्यासारखे.

"सोड," काका म्हणाले. मी थोडा दोर सोडला.

"सोड... सोड..." एसी अर्ध्यावर आला. हाताला दोर काचत होता, घाम डोळ्यात. काका जरा मोठ्यानं म्हणाले, "अगं, सोड आता!"

मी सोडला.

सगळाच.

एसी शिडीवरून घसरगुंडीसारखा गेला आणि गवतात आपटला. काका मागं उडी मारून चिखलात बसले. मी वर तशीच, रिकामे हात पुढं करून. शेजारच्या ट्रेलरमधल्या आजी दार उघडून ओरडल्या, "आर यू ओके, हनी?"

काकांनी स्वतःचं उजवं मनगट धरलं होतं. त्यांनी माझ्याकडे वर बघितलं.

"आमच्या कारखान्यात ‘सोड’ म्हणजे हळूहळू ढील दे. तुमच्यात काय?"

"आमच्यात सोड म्हणजे सोड!" मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं.

"मग आधी विचारायला पाहिजे होतं मी," ते म्हणाले. "पस्तीस वर्षं सगळ्यांना कळत होतं, म्हणून राहिलं."

हाड शाबूत होतं, पण मनगट सुजलं. आजींनी बर्फ आणून दिला. ‘आता जाऊ या परत’ असं मी म्हणणार तोवर काका म्हणाले, "भोक उघडं आहे आणि ढग येतायत. दुकान कुठंय?"

गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात छपराच्या भोकाचं चौदा इंची उघडझाप झाकण मिळतं, चिकट पट्टी आणि सीलंटही. वरून मी लावलं. आतली चौकट काकांनी पलंगावर उभं राहून, डाव्या हातानं बसवली. मला एकाही स्क्रूला हात लावू दिला नाही. मग आजींचा पाण्याचा पाइप घेऊन छपरावर पाणी मारलं. आतून हूं की चूं नाही. घाबरून आत गेले, तर काका पलंगावर उताणे, चेहरा बरोबर झाकणाखाली.

"कोरडा आहे मी," ते म्हणाले. "लाव फोन."

हात मुरगळल्याचं त्यांनी स्वतःच सांगितलं, त्याच दमात गळती थांबल्याचंही. "उद्या सरोवर बघणार. तू येऊ नकोस, येऊन करशील काय?" दादा माझ्याशी मात्र बोलला नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

सरोवर मोठं आहे, पाणी बर्फासारखं गार. मी फोटोंसाठी धावत होते. काकांनी एकदाच सगळं नीट बघून घेतलं आणि मग येणाऱ्याजाणाऱ्या ट्रेलरांची छपरं तपासत बसले.

काका परत गेले. मी ट्रेलर घराशेजारी लावला. खर्च विसरले, मैल विसरले. राहिलंय ते डाव्या हातानं मारलेल्या स्क्रूंचा वाकडातिकडा चौकोन, आणि कुणाला काही सांगताना ‘तुमच्यात याला काय म्हणतात?’ असं विचारायची नवी खोड.

थांबा, बाहेर गाडी थांबली. अरेच्चा, प्रसाददादा! ऑफिसच्या कपड्यांत माझी शिडी लावून ट्रेलरवर चढलाय आणि झाकणाच्या कडेवरून हात फिरवतोय.

मी खिडकी उघडली. तो वरूनच म्हणाला, "हे बाबांनी लावलंय?"

"नाही, ते मी. बाबांचं आतून आहे."

तो शिडी उतरून ट्रेलरच्या दाराशी आला. मग म्हणाला, "मग दार उघड ना."

किल्ली शोधते.