कासमचाचांनी पाठ फिरवली त्या दिवशी

तुमच्या घरातली बाई गेली, तर तिच्या नवऱ्याला तिचं तोंड शेवटचं पाहू द्याल का?

रशीदाखाला गेल्याचा फोन आला तेव्हा मी बारामतीत होते. एसटीने तिच्या गावी, बावड्याला पोचेपर्यंत जनाजा उठला होता. घरात काय घडलं ते मला नंतर आईकडून कळलं... आणि तेव्हापासून जिवाला चैन नाही.

खाला माझ्या आईची थोरली बहीण. आसपासच्या गावांत कुठल्याही मुस्लिम घरी बाई वारली, की गुसल द्यायला, म्हणजे शेवटची अंघोळ घालायला, तिलाच बोलावणं यायचं. तिचे यजमान कासमचाचा तिला स्कूटरवर नेत आणि काम होईपर्यंत कुंपणाशी थांबत. मी समाजसुधारणेची पत्रकं वाचून वाढलेली. सोबत गेले की तिथंही वाद घालायला उठायचे. खाला म्हणायची, "पत्रकं मागनं, आदी बादली उचल." पण वाद तीच जिंकायची. इंदापुरात एका घरी म्हातारीने बजावलं, की मरणानं निकाह तुटला, आता नवरा परका, त्याला आत घेऊ नका. खालाने तांब्या खाली ठेवला. "जलमभर हिच्या हातचं खाल्लं, आन आता ह्यो परका? दीनमधी, धरमात कुठं हाय, दावा. तवर मी पाणी घालत न्हाय." म्हातारी "लई शानी" असं पुटपुटली, पण नवऱ्याला आत बोलावलं गेलं.

खालाच्या स्वतःच्या मयतीत तिच्या जावेने तेच बजावलं, आणि चाचा आपण होऊन मागे सरले. अंगणात पाठ करून उभे राहिले. इतकी वर्षं कुंपणाशी थांबलेल्या माणसाला, आत आपली बायको काय सांगते, हे कधी ऐकूच आलं नव्हतं. घरी तिने ते सांगितलं नाही. मीही नाही.

परवा त्यांनी मला जवळ बसवलं. "तू किताबं वाचतीस. खरं सांग, बघता येत हुतं का मला?"

नाही म्हटलं असतं तर त्यांना झोप लागली असती. पण दीनच्या नावाने खोटं कसं बोलू? मी हो म्हणाले. मनाई कुठेच नाही.

चाचा म्हणाले, "म्हंजी मीच पाठ फिरिवली की गं तिला."

चाचा जेवले का, हे मी आता रोज फोन करून विचारते. मी बरोबर केलं की नाही, कळत नाही. तुम्ही मात्र माझ्यासारखा उशीर करू नका. आज सगळे जेवायला बसतील तेव्हा विषय काढा. अशुभ बोलता म्हणून घरचे रागावतील. रागावू द्या. घरातल्या पुरुषांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगा, की बायको गेली तरी नवरा परका होत नाही, तिचं तोंड त्याला पाहता येतं.