डावा बाण

धाकट्या जावेचा मला राग यायचा तो एका चटईपायी. दिरांनी आणलेली, प्लास्टिकची, चार बाण काढलेली, कॉम्प्युटरला वायरनं जोडायची. गाणं लागलं की पडद्यावर बाण सरकत यायचे; जो येईल त्याच बाणावर ठेक्यात पाय टाकायचा. खेळ माझ्या आठ वर्षांच्या लेकीसाठी आणलेला, पण जोडीला तिला कायम काकूच लागायची.

"काकू, लय भारी नाचायलीस!" मी स्वयंपाकघरात भाकरी थापताना हे ऐकायचे. लेकीच्या वेण्या, डबा, ताप सगळं माझ्याकडे आणि कौतुक मात्र तिचं. नुसता जळफळाट व्हायचा. त्यात खेळायच्या आधी जाऊ पायातली जोडवी काढून लेकीकडे द्यायची आणि लेक ती मुठीत जपायची. लग्न झालेल्या बाईनं खेळापायी जोडवी काढावीत, हे मी सासूबाईंच्या कानावर घातलं. त्या म्हणाल्या, "खेळू दे की माय, काय बिघडायलंय?"

एका दुपारी जाऊ सासूबाईंबरोबर सेलूच्या बाजारात गेली होती, लेक शाळेत. मी दार लोटलं, पदर खोचला आणि चटईवर उभी राहिले. जोडवी अर्थातच काढली नाहीत. पहिल्या गाण्यात एकही पाय धड पडला नाही. दुसऱ्याला हट्टानं दणादण आपटले, तर डाव्या बाणावर जोडवं अडकलं आणि प्लास्टिक टरकन फाटलं. मी चटई गुंडाळून जागेवर ठेवून दिली.

संध्याकाळी डावा बाण चालेना. "माझ्याच पायानं फाटलं असंल," जाऊ रडवेली झाली. मी कणीक मळत राहिले. संपला एकदाचा खेळ, असंच वाटलं मला.

लेकीनं बाणावरची बारीक चीर निरखली आणि माझ्याजवळ आली. माझ्या पायांकडे बघत हळूच म्हणाली, "काकूची जोडवी तर माझ्याकडं असतेत." कुणाला मात्र तिनं काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दिरांनी चिकटपट्टी मारली, बाण कसाबसा चालू झाला. लेक मला ओढतच घेऊन गेली. जाऊ तिथंच उभी होती. "मम्मी, तू बी खेळ. जोडवी काढ, मी धरते."

ती लवकर निघेनात. इतक्या वर्षांत काढलीच नव्हती. लेकीनं उजवी मूठ उघडली, मी तिच्यात ठेवली. डाव्या मुठीत काकूची होती. गाणं सुरू झालं, बाण यायला लागले, आणि मी पडद्याकडे बघायचं सोडून कोणती मूठ जास्त घट्ट आहे तेच बघत राहिले.