दीडशे पौंडांचा डेलमार

डेलमार एल्सनने न्हाणीघरातला वजनकाटा उचलून अंगणात आणला, तेव्हाच आर्लिसने ओळखलं की आता आपल्या भांड्याकुंड्यांचं काही खरं नाही.

अंगणात ट्रेलर उभा होता. दोन खाटा, एक शेगडी आणि एक मोरी, एवढं चाकांवरचं घर. आर्लिसने तो चर्चमधल्या मैत्रिणीकडून घेतला होता, तोही एकाच कामासाठी. तिची थोरली बहीण ट्वायला मोंटानात राहायची. येत्या रविवारी तिला ऐंशी पूर्ण होणार होती. ट्वायलाला प्रवास झेपत नव्हता आणि आर्लिसच्या गुडघ्याला मोटेलचे जिने झेपत नव्हते. पाच वर्षांत दोघींची भेट नव्हती. फोनवर त्या पावसापाण्याचं आणि टोमॅटोंचं बोलायच्या. उरलेलं बोलायला समोर बसावं लागतं.

डेलमारची अट एकच होती. "ओढणार आपली म्हातारी. पण गाडीच्या पुस्तकात लिहिलंय त्यावर एक पौंड जरी झाला, तरी गाडी आयोवाबाहेर जाणार नाही."

म्हातारी म्हणजे त्याची बावीस वर्षांची एसयूव्ही. गिअरचं तेल तापू नये म्हणून त्याने तिला वेगळी जाळी बसवली होती. ब्रेक नवे होते, तारा नव्या होत्या.

"मोठी पिकअप भाड्याने घेऊ या ना," आर्लिस म्हणाली होती.

"चाळीस वर्षं वेल्डिंग केलं मी. दुसऱ्याने लावलेल्या बोल्टावर मी जीव टांगत नाही."

"हो. माझ्या गुडघ्याआधी तिच्या सांध्यांना तेल पडतं, माहितेय मला."

पुस्तकात ओढायच्या वजनाचा आकडा होता पाच हजार पौंड. त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: यात फक्त दीडशे पौंडांचा चालक धरला आहे; गाडीतली बाकीची माणसं आणि सामान यातून वजा करावं. डेलमारने भिंग लावून ते दोनदा वाचलं. आर्लिसचे एकशे चाळीस आणि खाण्याच्या पेटीचे चाळीस त्याने वजा केले. उरले चार हजार आठशे वीस. भरलेला ट्रेलर त्याच्या आत बसला पाहिजे.

मग तीन दिवस अंगणात वजनं चालली. रिकाम्या ट्रेलरच्या माहितीपत्रकावर त्याचा विश्वास नव्हता. त्यात बॅटरी नसते, गॅसची टाकी नसते, माणसाची चादरसुद्धा नसते. त्याने एकेक वस्तू काट्यावर ठेवली आणि पाटीवर लिहिली. शिलाई मशीन बाहेर गेलं. पीचच्या बरण्या बाहेर गेल्या. शेवटी त्याने बिडाचा तवा उचलला.

"नऊ पौंड!"

"आईचा आहे तो. ट्वायलाने मुद्दाम आणायला सांगितलाय. सफरचंदं त्यातच परतायची असतात."

"नऊ पौंड म्हणजे गॅलनभर पाणी."

"मग पाण्यात परतू का?"

तवा घरात गेला. आर्लिसने त्याच्यामागे दार आपटलं. डेलमारला ते काट्यावर मोजता आलं नाही.

बुधवारी सकाळी दोघं गावातल्या धान्यकोठारावर गेली. तिथला मोठा काटा गेलन सांभाळायचा. मक्याचे ट्रक तोलण्यात त्याची हयात गेली होती. डेलमारने ट्रेलर काट्यावर सोडला आणि गाडी पुढे घेतली.

"चार हजार आठशे बरोब्बर," गेलन खिडकीतून ओरडला.

डेलमारने पाटी वर धरली. "वीस खाली! बघ आर्लिस, मेहनत अशी असते!"

गेलन बाहेर आला. पाटी वाचली. मग त्याने डेलमारला पायापासून टोपीपर्यंत न्याहाळलं.

"हा दीडशेचा चालक कोण?"

"पुस्तकात लिहिलाय."

"ते कळलं. पण आलाय कुठे तो?"

आर्लिस खाली बघून म्हणाली, "लग्नात होता रे. नंतर मीही नाही पाहिला."

डेलमारचे कान लाल झाले. गेलनने त्याला पोत्यांच्या काट्यावर उभं केलं. दोनशे अठ्ठेचाळीस.

"बूट आहेत पायात," डेलमार म्हणाला.

"मोंटानाला अनवाणी जाणारेस?"

डेलमारने थोडा विचार केला आणि त्याचा चेहरा उजळला. "सोपं आहे. आर्लिस चालवेल. ती दीडशेच्या आत आहे."

"आणि तू?" आर्लिसने विचारलं. "मागून पळत येणारेस?"

गेलन हसून हसून खांबाला टेकला. मग त्याने म्हातारीचं मागचं दार उघडलं. आत डेलमारची हत्यारांची पेटी होती.

"ही पाटीवर दिसत नाही."

"ती हत्यारं आहेत. सामान नाही."

"काट्याला तेवढं कळत नाही, डेल."

एकशे नव्वद. तीन हातोडे, दोन शिकंजे आणि आजवर कुणाला न लागलेला एक मोठा पाना. डेलमारने पाटी पुसली, नव्याने मांडली. दोनशे अडुसष्ट पौंड वर होते. अट त्याचीच होती. आर्लिस ट्रेलरच्या दाराशी जाऊन उभी राहिली, पाठ करून.

"पेटी तुझ्याकडे ठेव," तो गेलनला म्हणाला. "फक्त चाकांचा पाना आणि जॅक घेतो. ते पाटीवर आधीच आहेत, ट्रेलरमध्ये."

"तरी अठ्ठ्याहत्तर उरले."

डेलमार ट्रेलरच्या दाराशी गेला. तिथे त्याने स्वतः केलेली लोखंडी पायरी होती. ट्रेलरची मूळची पत्र्याची पायरी हलायची, म्हणून आर्लिसच्या गुडघ्यासाठी त्याने ही बनवली होती. जाड पट्टी, चारही कोपऱ्यांना दुहेरी जोड. त्याने वाकून बोल्ट सोडवले आणि पायरी पोत्यांच्या काट्यावर ठेवली.

"नव्वद," गेलनने सांगितलं. "हिच्यावर ट्रक उभा राहील रे."

"आर्लिसच्या पायाखाली हलायला नको होती."

आर्लिसने पत्र्याची पायरी उघडली. तिच्यावर पाय ठेवून बघितला. पायरी डुगडुगली. डेलमारने हात पुढे केला आणि तिने तो धरला.

"हा चालेल," ती म्हणाली. "याचं वजन आधीच धरलंय."

पाटीवर आता बारा पौंड शिल्लक होते. डेलमारने ते तीनदा मोजले. मग गाडी सुरू केली, घरी आला, स्वयंपाकघरात गेला आणि बिडाचा तवा काखेत घेऊन बाहेर आला.

"नऊ," तो म्हणाला. "उरले तीन."

"ते तसेच राहू दे," आर्लिस म्हणाली. "ट्वायला गोडधोड खाऊ घालते. परत येताना तुला लागतील."